वस्तरा कधी लावायचा, हे कुणी ठरवायचं?

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. घाई असेल तर सेव्ह करून ठेवा आणि जेवण झाल्यावर निवांत वाचा.

लेकीला विचारून लिहितोय. तिने दोन अटी घातल्यात: नाव टाकायचं नाही, फोटो टाकायचा नाही. दोन्ही पाळल्यात.

डिसेंबरातली गोष्ट. रात्री दुकान बंद करून घरी यायला मला साडेदहा होतात. त्या दिवशी पोरगी जागी होती. वय अकरा, इयत्ता सहावी. ताटासमोर येऊन बसली आणि म्हणाली, "पप्पा, मला पायावरचे केस काढायचेत. तुमच्याकडं मशीन असतं ना?"

कारण विचारलं तर आधी सांगेना. मग हळूहळू निघालं. गॅदरिंगच्या नाचाचा ड्रेस गुडघ्यापर्यंतचा. वर्गातल्या एका पोराने तिला "अस्वल" म्हटलं होतं, तेही जूनमध्ये. म्हणजे सहा महिने ही पोरगी युनिफॉर्मच्या स्कर्टखाली लेगिंग घालून जात होती, ऑक्टोबरच्या उन्हातसुद्धा, आणि मला वाटत होतं ती फॅशन आहे. पोरगं बोललं त्याचं तिला एवढं नव्हतं. दोन मैत्रिणी हसल्या, ते लागलं होतं.

घरात लगेच तीन निकाल लागले. बायको म्हणाली, दहावी होऊ दे, मग बघू. एकदा केलं की राठ येतात आणि ते जन्माचं लचांड मागे लागतं. आई म्हणाली, लहानपणी हिला नीट चोळलंच नाही, मी सांगत होते. (आमच्याकडे तान्ह्या बाळाला कणकेच्या नाहीतर डाळीच्या पिठाच्या गोळ्यात साय आणि हळद घालून चोळतात, लव जाते म्हणून. बाळ बोंबलतं, बाया म्हणतात, रडू दे, मोठेपणी आशीर्वाद देईल.) आणि मी म्हणालो, अजिबात नाही.

माझं "नाही" कुठून आलं ते सांगतो. जुन्या वाचकांना माहीत आहे, मी नाभिक. अण्णा, म्हणजे माझे वडील, जुन्नर तालुक्यातून इकडे आले ते एमआयडीसीच्या आशेने. कंपनीत काही जमलं नाही, म्हणून ठाणे-बेलापूर रस्त्याला एक आरसा आणि एक खुर्ची टाकून बसले. तेव्हा रबाळ्याला स्टेशन नव्हतं, ते २००४ ला आलं. कंपन्यांच्या पाळ्या सुटल्या की कामगार रांगेत उभे राहायचे. त्या खुर्चीवर आमचं घर चाललं, माझं बी.ए. झालं, तेही इतिहास घेऊन. आज त्याच धंद्यात तीन खुर्च्यांचं दुकान आहे.

आणि दरवर्षी मी एक पोस्ट टाकतो, १८९० च्या संपाची. तुम्ही लाइक करता, शेअर करता. नवीन लोकांसाठी थोडक्यात सांगतो.

त्या काळी ब्राह्मण आणि इतर काही वरच्या जातींत नवरा मेला की बाईच्या डोक्यावरचे केस काढायचे. केशवपन. अंगावर लाल आलवण, कपाळ मोकळं, दागिने नाहीत, जेवण एकवेळ. शेतकरी-कष्टकरी जातींत पाट लावायची रीत होती, तिथे हा प्रकार नव्हता. पण जिथे होता तिथे बाईचं वय बघत नव्हते. लग्नंच आठव्या-नवव्या वर्षी व्हायची, मग विधवाही त्याच वयाच्या. जोतीराव फुल्यांनी १८८४ मध्ये मलबारींच्या टिपणांवर मत देताना सक्तीच्या वैधव्याचं जे वर्णन केलंय, त्यात जवळचे नातेवाईकच जबरदस्तीने केस काढायला लावतात हे आहे. आगरकरांनी यावर लेख लिहिले, शिव्या खाल्ल्या. ह. ना. आपट्यांची "पण लक्षात कोण घेतो" १८९० ला "करमणूक"मधून येऊ लागली. तिच्यातल्या यमूचं पुढे काय होतं ते ज्यांनी वाचलंय त्यांना ते पान विसरता येत नाही.

आता यातली एक धंद्याची गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. केस वाढतात. एकदा काढून भागत नाही. म्हणजे सोवळ्या बाईला आयुष्यभर, दर काही दिवसांनी, न्हावी लागणार. शास्त्र कुणीही सांगो, सासरा कितीही कडक असो, शेवटी हात आमचा. ही सगळी रूढी एका बलुतेदाराच्या धोकटीवर उभी होती.

हे ज्याने ओळखलं तो माणूस नारायण मेघाजी लोखंडे. जन्म १८४८, आपल्या ठाण्याचा. इथून ट्रेनमध्ये बसलात तर ऐरोली, दिघा, मग ठाणे, एवढ्या जवळचा. सत्यशोधक, "दीनबंधू"चा संपादक, १८८४ ला गिरणी कामगारांची संघटना काढणारा. १८९० मध्ये त्याच्या पुढाकाराने मुंबईतले शेकडो न्हावी जमले आणि ठरवलं की विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही, हे पाप आपण करायचं नाही. बातमी विलायतेतल्या पेपरात गेली. त्याच वर्षी १० जूनपासून गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली, तीही लोखंड्यांमुळेच. (गंमत बघा, त्यांनी कामगारांना रविवार मिळवून दिला आणि आमच्या जमातीचा रविवार कायमचा गेला. सगळी गर्दी त्याच दिवशी.)

तर असा माझा अभिमान. आणि माझ्याच घरात पोरगी म्हणतेय, मला वस्तरा लावा.

मी तिला समोर बसवून हे सगळं ऐकवलं. फुले, लोखंडे, आलवण, संप. चांगलं अर्धा तास. शेवटी म्हणालो, आपल्या लोकांनी बाईच्या अंगाला वस्तरा लावायला नकार दिलाय, आणि तू स्वतः मागतेस?

तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग डोळे भरून आले आणि म्हणाली, "पण त्यांना नको होतं ना? मला पाहिजेय."

मला उत्तर सुचलं नाही. बापाला उत्तर सुचलं नाही की तो काय करतो? म्हणतो, झोप आता, उशीर झालाय.

चार दिवसांनी बायकोचा दुकानात फोन आला, ताबडतोब घरी या. पोरीने माझ्या जुन्या बॅगेतून वस्तरा काढला होता. आमचा हल्लीचा वस्तरा म्हणजे पूर्वीसारखा दगडावर लावून पट्ट्यावर फिरवायचा नाही. एड्सची भीती आली तेव्हापासून प्रत्येक गिऱ्हाइकाला नवीन पातं. ब्लेड कागदातच मधोमध मोडायचं, अर्धं पातं बसवायचं. बॅगेतल्या वस्तऱ्यात जुनं अर्धं पातं तसंच राहिलं होतं. चूक माझी, दुसऱ्या कुणाची नाही. तिने पाणी नाही, साबण नाही, कोरड्या नडगीवर उलटा हात मारला. बोटभर लांब कापलं. नडगीवर कातडी पातळ, रक्त थांबेना. तुरटी लावली, पट्टी बांधली, डॉक्टरकडे नेलं, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. टाके नाही पडले.

रिक्षात परत येताना ती म्हणाली, "पप्पा, सॉरी." मला जास्त वाईट त्याचं वाटलं. चाळीस माणसांच्या गळ्यावरून रोज वस्तरा फिरवणाऱ्या माणसाच्या पोरीला वस्तरा धरता येत नाही, कारण बापाने तिला शिकवायच्या ऐवजी इतिहास सांगितला.

रात्री अण्णांपाशी बसलो. त्यांचं वय पंचाहत्तर, हात थरथरतो म्हणून आता दुकानात फक्त पेपर वाचायला येतात. मी म्हणालो, अण्णा, आपल्या लोकांनी संप केला होता, आणि माझ्या घरात हे. अण्णा हसले. म्हणाले, "आपल्या लोकांनी म्हणजे मुंबईच्या लोकांनी. आपला म्हातारा नव्हता संपात."

म्हातारा म्हणजे अण्णांचे आजोबा. संप झाला तेव्हा ते पाळण्यात असतील, पण तो काढून पुढे तीस-पस्तीस वर्षं गेली तरी गावाकडे चालूच होतं. मुंबईत शेकड्याने न्हावी, एकत्र येऊन नाही म्हणू शकतात. गावात न्हाव्याची दोन घरं. एक नाही म्हणाला तर दुसरा जाणार, आणि सुगीला खळ्यावरचं बलुतं पहिल्याचं बुडणार. म्हातारा वाड्यावर जायचा, मागच्या दाराने. अण्णांनी हे मला एवढ्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. मी दरवर्षी संपाची पोस्ट टाकायचो आणि ते वाचून गप्प बसायचे.

एक प्रसंग म्हाताऱ्याने अण्णांना सांगितलेला. वाड्यातली एक पोर, लग्नानंतर वर्षात नवरा गेलेला. तेव्हा ती लहान म्हणून केस ठेवले होते. बऱ्याच घरांत असंच करायचे, न्हाण येईपर्यंत थांबायचे. म्हणजे वाड्यातही हीच चर्चा चालायची जी डिसेंबरात माझ्या घरात चालली: अजून लहान आहे, एवढ्यात नको. नाही नाही, आता वेळ झाली. आजी एक म्हणणार, काका एक म्हणणार, भटजी तिसरंच म्हणणार. मग एक दिवस न्हाव्याला निरोप. म्हातारा गेला तेव्हा पोर परसात खांबाला धरून बसली होती, तोंड भिंतीकडे. तिला कुणी काही सांगितलं होतं की नाही, त्याला कळलं नाही. त्याने काम केलं. घरी येऊन विहिरीवर आंघोळ केली, त्या दिवशी जेवला नाही. पंधरा दिवसांनी परत गेला. कारण केस वाढतात.

मी अण्णांना विचारलं, त्याला वाईट वाटायचं का? म्हणाले, "वाटायचं म्हणून तर सांगितलं. पण वाटून काय, जात तर होता."

आता मी इतिहासवाला माणूस, मला आकडा लागतो. कितव्या वर्षी? बायको म्हणते सोळाव्या, पोरगी म्हणते अकराव्या, दुकानात गिऱ्हाइकांना विचारलं तर एकजण म्हणाला लग्नाच्या आधी, दुसरा म्हणाला आमच्या हिने तर नववीतच सुरू केलं. मग जाणवलं, पोरींच्या अंगाच्या बाबतीत महाराष्ट्राने दीडशे वर्षं दुसरं काही केलंच नाही, आकड्यांवर भांडला. १८६० च्या कायद्यात संमतीचं वय दहा. बंगालमध्ये फुलमणी दासी नावाची दहा-अकरा वर्षांची पोर नवऱ्याच्या हातून मेली, त्यानंतर १८९१ ला ते बारा केलं. दहाचं बारा करायचं, एवढ्यासाठी पुण्या-मुंबईत सभा, विरोधी सभा, अग्रलेख. खुद्द टिळक विरोधात, परक्या सरकारने यात पडू नये म्हणून. पुढे १९२९ चा सारडा कायदा, लग्नाचं वय चौदा. मग पंधरा. १९७८ ला अठरा. प्रत्येक आकड्यामागे भले लोक होते, आणि आकडे वाढले हे चांगलंच झालं, त्याबद्दल दुमत नाही. फक्त या सगळ्या चर्चेत ज्या पोरींबद्दल बोलणं चाललं होतं त्या कुठे दिसत नाहीत.

एक दिसते. रखमाबाई. लग्न अकराव्या वर्षी झालेलं, माझ्या लेकीच्या वयाची. मोठी झाल्यावर म्हणाली, मी या नवऱ्याकडे नांदायला जाणार नाही, या लग्नाला माझी संमती नव्हती. नवऱ्याने १८८४ ला दावा लावला. १८८७ ला कोर्टाने सांगितलं, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. ती म्हणाली, तुरुंग चालेल. शेवटी १८८८ ला तडजोड झाली, ती विलायतेला जाऊन डॉक्टर होऊन आली, आणि सुरत-राजकोटला आयुष्यभर बायकांची डॉक्टरकी केली. तिची "नाही" सगळ्यांना आवडते आता. मलाही. पण पोरीची "हो" मला का टोचत होती?

टोचत होती, कारण मला वाटत होतं की ती "हो" तिची नाहीच. ते पोरगं, त्या दोन मैत्रिणी, मोबाइलवरच्या गुळगुळीत पायांच्या जाहिराती, यांनी तिच्या तोंडात घातलेली आहे. आणि यात तथ्य आहे, नाही असं नाही. म्हणून थोडं शोधलं. अमेरिकेतसुद्धा बायकांनी काखेतले आणि पायावरचे केस काढणं ही फार जुनी सर्वांची रीत नाही. १९१५ मध्ये जिलेट कंपनीने तिथे खास बायकांसाठी रेझर काढला. पुरुष गिऱ्हाइक होतंच, बायका आल्या तर धंदा दुप्पट, एवढा साधा हिशेब. त्याच वर्षी फॅशनच्या मासिकात बिनबाह्यांच्या झग्यातल्या बाईचं चित्र घालून केस घालवायच्या पावडरीची जाहिरात आली. मग स्कर्ट आखूड झाले. महायुद्धात नायलॉन पॅराशूटला गेलं, पायमोजे मिळेनात, पाय उघडे पडले. प्रत्येक वेळी रेझरवाला दारात उभा. १९३० च्या आसपास तर तिथे केस घालवायला थॅलियमचं क्रीम विकलं, जे उंदीर मारायचं विष. बायका लुळ्या पडल्या, आंधळ्या झाल्या, मग कंपनी बुडाली. एक्स-रे मारून केस घालवणारी दुकानं होती, त्या बायकांना पुढे कॅन्सर झाले.

यातच एक योगायोग सापडला, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. पार्वतीबाई आठवले, महर्षी कर्व्यांच्या मेहुणी, बाया कर्व्यांच्या बहीण. विशीत विधवा झाल्या, केशवपन झालं, आणि नंतर हिंगण्याच्या आश्रमासाठी गावोगाव वर्गणी गोळा करत फिरल्या. चाळिशी ओलांडल्यावर त्यांनी स्वतः ठरवून वस्तरा बंद केला, केस वाढवले. कुणी संप केला म्हणून नाही, कायदा आला म्हणूनही नाही. "माझी कहाणी"मध्ये त्यांनी हे स्वतः लिहिलंय. १९१८ ला या बाई अमेरिकेला गेल्या, लोकांच्या घरी कामं करून इंग्रजी शिकल्या. म्हणजे एक मराठी बाई आयुष्यभराचा वस्तरा झुगारून ज्या देशात उतरली, त्या देशात नेमका तेव्हा बायकांना वस्तरा शिकवायचा कारखाना जोरात चालू होता.

पण खरं सांगायचं तर हे सगळं पोरीला सांगून उपयोग नव्हता. इतिहास सांगून एकदा रक्त निघालं होतं.

बायकोच्या भीतीचं मात्र उत्तर होतं माझ्याकडे, आणि ते धंद्याचं होतं. वस्तऱ्याने केस राठ येत नाहीत. मिल्ड्रेड ट्रॉटर नावाच्या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ बाईंनी १९२८ मध्ये चार पुरुषांच्या दाढ्या नेमाने करायला लावून ते केस तपासले. जाडी वाढली नाही, वेगही वाढला नाही. केसाचं मूळ कातडीच्या आत, वस्तरा वरून फिरतो, मुळाला पत्ताही नसतो. टोक निमुळतं असतं ते बोथट कापलं जातं, म्हणून हाताला खरबरीत लागतं, इतकंच. आणि आपलं बघा: बाळाचं जावळ काढायचं, का? तर केस दाट यावेत म्हणून. मामाच्या मांडीवर बसवून मी शेकडो जावळं काढलीत. पोरीच्या पायाला वस्तरा नको, का? तर केस दाट येतील म्हणून. एकाच वस्तऱ्याकडून डोक्यावर एक अपेक्षा आणि पायावर दुसरी भीती. वस्तरा दाट करत असता तर माझ्या दुकानात टकले आले असते रांगा लावून.

डॉक्टरीणबाईंना पण विचारलं, पट्टी बदलायला गेलो तेव्हा. त्या म्हणाल्या, मुलींना आठ ते तेरा या वयात अंगात बदल सुरू होतात, पायावर केस येणं म्हणजे काही आजार नाही. आठ वर्षांच्या आधीच मोठ्या माणसासारखे केस आले, किंवा पुढे हनुवटीवर राठ केस आणि पाळीचा घोळ असं एकत्र दिसलं, तर दाखवून घ्या. बाकी काढायचे की ठेवायचे यात वैद्यकीय काही नाही. हेही विचारलं की काढायचेच असतील तर कशाने. म्हणाल्या, या वयात गरम वॅक्स आणि भडक क्रीमपेक्षा साबणाच्या फेसावर साधा सेफ्टी रेझर बरा, स्वतःचा एकटीचा. म्हणजे फिरून वस्तऱ्यावरच आलो.

२०२४ चं आठवतंय ना? उत्तर प्रदेश बोर्डाच्या दहावीत पहिली आलेली मुलगी. साडेअठ्ठ्याण्णव टक्के, आणि सगळा देश तिच्या ओठावरच्या लवीवर बोलत होता. एका रेझर कंपनीने पानभर जाहिरात देऊन तिला पाठिंबा दिला, की आमचा रेझर वापरायची वेळ कुणाच्या टोमण्यांमुळे तुझ्यावर न येवो. रेझर कंपनी! आम्ही दुकानात हा पेपर वाचला तेव्हा पोरगी नववं पूर्ण करून दहाव्यात होती, तिला काही कळत नव्हतं असं मी समजत होतो. परवा म्हणाली, "मला आठवतंय ते. तेव्हापासून मी आरशात ओठ बघते."

तर मग काय केलं.

शाळेत जाऊन वर्गशिक्षिकेशी बोललो. पोराचं नाव सांगितलं नाही, पोरीनेच नको म्हटलं. अंगावरून बोलण्याबद्दल त्यांनी सगळ्या वर्गाशी बोलावं एवढंच म्हटलं, आणि त्या बोलल्या. दुसरं, लेगिंग घालायची की नाही, केस काढायचे की नाही, यावर घरात मत द्यायचं नाही असं मी, बायको आणि आईने ठरवलं. आईला हे जमत नाही, पण प्रयत्न करते.

आणि सोमवारी दुकान बंद असतं. त्या सोमवारी पोरीला दुकानात घेऊन गेलो. ती पहिल्यांदाच गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली, पाय खाली पोचत नव्हते. आमच्यात नवीन पोराला हात बसवायला फुग्यावर शिकवतात. फुगा फुगवायचा, ब्रशने फेस लावायचा, आणि फुगा न फोडता तो फेस वस्तऱ्याने काढायचा. मी तिला वस्तरा नाही दिला, नवा सेफ्टी रेझर दिला, पण फुगा तोच. पाणी कोमट का, फेस का, सरळ हात आधी का, दाबायचं का नाही, नडगीवर आणि गुडघ्याला कसं वळायचं, रेझर धुऊन कोरडा का ठेवायचा, दुसऱ्याचा का घ्यायचा नाही, सगळं सांगितलं. सेफ्टी रेझरने फुगा सहसा फुटत नाही, तरी तिने दोन फोडले. अण्णा कोपऱ्यात पेपर वाचत होते, प्रत्येक फुग्याला दचकत होते. तिसरा फुगा स्वच्छ निघाला. अण्णांनी पेपर खाली ठेवला, उठून फुग्यावरून बोट फिरवून बघितलं, जसं गिऱ्हाइकाच्या गालावरून फिरवतात, आणि म्हणाले, "हात हलका आहे हिचा."

रेझर तिला देऊन टाकला. कधी, ते विचारलं नाही. गॅदरिंगच्या आदल्या दिवशी आईबरोबर बाथरूममध्ये अर्धा तास होती, एवढं कळलं. गुडघ्याखालचे फक्त. नाचली, छान नाचली, मी दुकान बंद ठेवून गेलो होतो.

काल तीन आठवडे झाले. पायरीवर बसून पोटरीवरून उलटा हात फिरवत होती. "पप्पा, टोचतंय. परत येतात की हे."

"येणारच. केस वाढतात."

"मग दर वेळी करायचं?"

"मला काय विचारतेस."

थोडा वेळ तशीच बसली. मग म्हणाली, "बघते," आणि खेळायला गेली. लेगिंग नव्हती घातली.